भाऊबीजेचे एकशे एक

"भाऊबीजेले एकशे एक पाठवतोस म्हणे," केशोराव म्हणाले आणि त्यांनी भातावर वरण ओतून घेतलं.

कैलाशचा घास हातात राहिला. दुपारचे साडेबारा वाजले होते. बापलेक दोघंही गिरणीतून घरी जेवायला आले होते. धानाचा हंगाम नुकता लागला होता आणि दोघांच्या भुवयांवर कोंड्याची पिवळी धूळ तशीच होती. सुशिलाबाई वाटीत तूप घेऊन येत होत्या, त्या दारातच थांबल्या.

"कोणाले?" कैलाशने विचारलं.

"आता मलेच विचार. अन् रुपये नाही, डॉलर. राखीलेही एकशे एक. दोन वर्षं झाले." केशोराव भात कालवत राहिले. "कोंडागावले लाकडाचा धंदा बरा चालते म्हणते. मुखवटे-बिखवटे. विदेशात जातात."

त्यांचा आवाज चढला नव्हता. केशोराव रागावले की त्यांचा आवाज खाली जायचा. गिरणीवर धानाचा भाव पाडतानाही ते असंच बोलत.

"नंदलाल गेला हाय," ते पुढे म्हणाले. "अकरा वाजता निघाला गाडी घेऊन. संग तिघं हाय. अंधार पडता पडता पोचते."

सुशिलाबाईंच्या हातातली वाटी खाली आली नाही आणि पुढेही गेली नाही. कैलाशने घास तोंडात घातला, चावला, गिळला. मग पाणी प्यायला उठावं तसा उठला आणि मागच्या अंगणात गेला.

दुर्गेश्वरी त्याची धाकटी बहीण. चार वर्षांपूर्वी तिने बिसरामशी नोंदणी लग्न केलं होतं. बिसराम सालेकसाच्या जंगलातल्या गावचा. घरचे तेंदूपत्ता आणि मोहावर जगणारे. तो गोंदियाच्या कॉलेजात तिच्या वर्गात होता आणि लाकडावर कोरीवकाम करायचा. केशोरावांनी समाजाच्या बैठकीत उभं राहून सांगितलं, मला एकच लेकरू आहे. तेवढ्यावर ते थांबले असते तर कैलाशने बापाला माफ केलं असतं. पण पहिल्याच वर्षी दुर्गेश्वरीने डोंगरगडला जुन्या खात्यातून पैसे काढले, एका बँकेतल्या ओळखीच्या माणसाने गावाचं नाव फोनवर सांगितलं आणि नंदलालकाका चार माणसं घेऊन तिथे गेला. बिसरामच्या उजव्या हाताची दोन बोटं आजही वळत नाहीत. त्याने पटाशी डाव्या हातात धरायला शिकून घेतलं.

त्यानंतर ती दोघं कोंडागावला गेली. हे फक्त कैलाशला ठाऊक होतं. तिने सांगतानाच बजावलं होतं, "दादा, हे तुझ्यापासून पुढे जायले नको."

अंगणात उभं राहून त्याने नंबर लावला. एरवी दोघं बोलत नसत. अगदीच वेळ आली तरच फोन करायचा असं ठरलं होतं. त्यामुळे तिने उचलला तो न बोलताच.

"निघा," कैलाश म्हणाला. "काका अकरा वाजता निघालाय. चार जण हाय."

पलीकडे लाकडावर काहीतरी घासल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

"गाव माहीत हाय त्यायले?"

"हाव. धंदाही माहीत हाय."

"कसा?"

"ते मी पाहतो. तू ठाण्यात जा पहिले."

"ठाण्यात पत्ता लिहून घेतात, दादा," ती म्हणाली. मग तिने अगदी सावकाश विचारलं, "तुझ्याशिवाय कोणाले माहीत होतं?"

तिने फोन ठेवला.

तो मागे वळला तर सुशिलाबाई उभ्या होत्या. तुपाची वाटी अजून हातातच होती.

"बरी हाय का ते?"

"हाव."

"दोन वर्षांपासून तुले माहीत हाय, अन् मले काऊन नाही सांगितलास?" त्यांनी विचारलं. "मी का नंदलालले सांगणार होती?"

त्याने मोटरसायकल काढली.

घराजवळच्या बिरसीच्या फाट्यावरून गोंदियाला यायला वीस मिनिटं लागतात. वर शिकाऊ वैमानिकांचं एक छोटं विमान घिरट्या घालत होतं, खाली कापलेल्या धानाच्या कडपा पडल्या होत्या. कैलाशच्या डोक्यात बापाचं एकच वाक्य फिरत होतं. एकशे एक. कोंडागाव कोणी प्रवासात पाहिलं असेल, मुखवटे कोणी इंटरनेटवर पाहिले असतील. पण एकशे एक हा आकडा त्याने कोणत्याही माणसाला सांगितला नव्हता. दुर्गेश्वरीलासुद्धा नाही, तिला तो फक्त पोचायचा. तो आकडा त्याने एका यंत्राला सांगितला होता.

बँकेतून पैसे पाठवणं शक्यच नव्हतं. कैलाशच्या खात्याला बापाचाच मोबाइल नंबर जोडलेला होता आणि डोंगरगडचा अनुभव गाठीशी होता. तेव्हा त्याला टिंकूने वाट दाखवली. टिंकू म्हणजे केशोरावांच्या बहिणीचा मुलगा, कैलाशपेक्षा तीन वर्षांनी लहान, गोंदियाच्या बाजारात मोबाइलचं दुकान चालवणारा. तो रोख पैसे घेऊन डॉलरच्या भावाने चालणारं आभासी नाणं देत असे. कैलाशच्या फोनमध्ये त्यानेच वॉलेट टाकून दिलं, म्हणजे नाणी ठेवायची डिजिटल थैली. पैसे कोणाला पाठवायचे हे त्याने विचारलं नाही आणि कैलाशने सांगितलं नाही. एका सप्लायरचे आहेत, एवढंच म्हणाला.

बिसरामचंही असंच एक वॉलेट होतं. परदेशातले गिऱ्हाईक त्यात पैसे टाकत. त्याने त्याचा पत्ता, म्हणजे आकडे-अक्षरांची ती लांब ओळ, इंटरनेटवरच्या आपल्या पानावर मुखवट्यांच्या फोटोंखाली दिली होती. पानावर माणसांची नावं नव्हती. कोंडागाव मात्र होतं, कारण कोंडागावच्या लाकूडकामाला भाव येतो.

अडचण अशी होती की या नाण्यांची वही उघडी असते. कुठल्या पत्त्यावरून कुठल्या पत्त्यावर किती गेले, ते जगात कोणालाही दिसतं. नाव तेवढं दिसत नाही. पण कैलाशचा पत्ता टिंकूला ठाऊक होता आणि बिसरामचा पत्ता पानावर उघडा पडलेला होता. मधला दुवा एकदा दिसला की सगळं दिसलं. बिसरामने निरोप पाठवून सांगितलंही होतं, दादा, सरळ नका पाठवू.

कैलाशने ही शंका टिंकूपुढे ठेवली, अर्थात सप्लायरच्या नावाने. टिंकू त्या दिवशी गिरणीवर आला होता. तो हसला आणि धानाच्या हौदाकडे बोट करून म्हणाला, "हे का हाय, भाऊ?"

"हौद."

"सकाळपासून किती कास्तकारायचा धान पडला यात?"

"पन्नासेक."

"अन् तिकडून तांदूळ निघून राहिला, त्यातला बकारामचा कोणता अन् छोटेलालचा कोणता, सांगा बरं."

कैलाशलाही हसू आलं. गिरणीवर येणारा प्रत्येक शेतकरी आपल्या पोत्याचं तोंड घरच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीने बांधतो. कोणाची हिरवी, कोणाची जांभळी, म्हणजे पोतं अदलाबदल व्हायला नको. पण चिंधी सुटून धान हौदात पडला की तो कोणाचाच राहत नाही. वजनाप्रमाणे तांदूळ घ्यायचा आणि घरी जायचं.

"तसंच हाय हे," टिंकू म्हणाला. "मिक्सर म्हणते त्याले. मसाल्याचा नाही. विदेशी लोक चालवतात. तुमी तुमचं नाणं टाकायचं, कोणाले द्यायचं तो पत्ता टाकायचा. दोन टक्के ते ठेवून घेतात अन् दुसऱ्याचंच नाणं तुमच्या माणसाले जाते. मागचा पुढचा काही संबंधच नाही."

"अन् त्यायच्याजवळ यादी राहत असेल ना?"

"चोवीस घंट्यात मिटवून टाकतात. लिहूनच दिलं हाय त्यायनं."

टेलिग्रामवरचा तो बॉट, म्हणजे आपोआप चालणारं ते यंत्र, उघडला की निळ्या अक्षरांत खरंच तसं लिहिलेलं होतं, आम्ही कोणतीही नोंद ठेवत नाही. कैलाशने ते वाक्य दोनदा वाचलं होतं. बिसरामला दुसरा पत्ता काढायला सांगावं हे त्याला सुचलंसुद्धा नाही. मधे हौद होता, मग चिंता कसली.

तिथेच खाली एक सूचना होती. रक्कम ठरावीक ठेवू नका, तुकडे करा, वेगवेगळ्या दिवशी पाठवा. कैलाशने तीही वाचली आणि सोडून दिली. ओवाळणी तुकड्यांत कशी द्यायची? भाऊबीज होऊन गेल्यावर चौथ्या दिवशी कशी द्यायची? आणि शंभर कसे द्यायचे, वर एक नको का? वरचा एक ठेवला नाही तर ती ओवाळणी राहत नाही, नुसते पैसे होतात. तो दर वेळी हिशेब करून एकशे तीनच्या थोडे वर पाठवायचा, म्हणजे दोन टक्के कापून बहिणीच्या ताटात पुरते एकशे एक पडतील.

या भाऊबीजेलाही त्याने तसंच केलं होतं. खाली बैठकीत आत्या केशोरावांना ओवाळत होती, टिंकू पाटाशेजारी बसून अनारसा खात होता आणि कैलाश माडीवर जाऊन बहिणीच्या नावाने एकशे एक पाठवत होता.

टिंकूच्या दुकानात एक मुलगी मोबाइलला काच लावून घेत होती.

"भैया, बुलबुला रह गया है," ती म्हणाली.

"निकल जाएगा, दो दिन में अपने आप," टिंकू म्हणाला आणि कैलाशला पाहून त्याने स्टूल पुढे सरकवलं. "या भाऊ. चहा सांगू?"

कैलाश बसला नाही. मुलगी पैसे देऊन गेली. तोवर तो काउंटरच्या काचेखालची कव्हरं बघत राहिला.

"तो मिक्सर कोण चालवते, टिंकू?"

टिंकूने काच पुसायचा कपडा घडी करून ठेवला. तो खोटं बोलेल असं कैलाशला वाटलं होतं. खोटं बोलला असता तर बरं झालं असतं.

"मामाजी बोलले वाटते," टिंकू म्हणाला. "त्यायले म्हणलो होतो, माझं नाव नका घेऊ."

"त्यायनं नाव नाही घेतलं. आकडा घेतला."

"हाव, तो आकडा." टिंकू किंचित हसला. "भाऊ, तुमी काही कमाल हाय. एकशे तीन अन् वर सहा पैसे. तेही भाऊबीजेच्या दिवशी, दुपारी ओवाळणीच्या टायमाले. राखीलेही तेच. सप्लायरले असं कोणी पाठवते का? पहिल्याच राखीले समजलं मले."

"बॉट तुझा हाय?"

"मंग का? विदेशी-बिदेशी काही नाही. तयार मिळते, दहा-बारा हजारात. नाव टाकायचं, चालू करायचं. सुरुवातीले चाळीसेक लोक होते. नंतर लोक कमी झाले."

"आता किती हाय?"

"या दिवाळीत तं तुमी एकटेच होते."

हंगाम संपताना, चैत्रात, कधीकधी दिवसाला एकच शेतकरी गिरणीवर येतो. त्याचा धान रिकाम्या हौदात पडतो आणि बाहेर येतो तो त्याचाच तांदूळ, कणी-कोंड्यासकट त्याचाच. हे कैलाश वयाच्या दहाव्या वर्षापासून पाहत आला होता. हौदात दुसऱ्या कोणाचा धान आहे का, हे त्याने दोन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

"नोंद ठेवत नाही म्हणून लिहिलं होतं."

"लिहायले का लागते, भाऊ?"

"तुले माहीत होतं ते कोणाचं पान हाय?"

"पत्ता टाकून शोधला, पान निघालं. एका फोटोत बाईचा हात हाय, मुखवट्याले रंग देताना. मनगटावर दुर्गीचा तो सायकलवरून पडल्याचा डाग. ते पडली तेव्हा मीच होतो ना मागं बसून." टिंकू हे अगदी सरळ बोलला, आठवण सांगावी तसा. "दोन वर्षं मी तोंड उघडलो का? सांगा. दोन वर्षं कोणाले एक शब्द नाही बोललो."

"मंग आता काऊन बोललास?"

टिंकूने तो कपडा पुन्हा उलगडला. त्याच्या मागे भिंतीला टेकवून नवा बोर्ड उभा होता, प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. त्यावर दुकानाचं नाव आणि खाली आमगाव रोडचा पत्ता होता. आमगाव रोडवर केशोरावांची इमारत होती आणि तिच्यातला तळमजल्याचा गाळा सहा महिने रिकामा होता. टिंकू दिवाळीआधीपासून तो मागत होता. मामा देत नव्हते.

कैलाशने बोर्ड पाहिला आणि टिंकूने त्याला पाहताना पाहिलं.

"मामाजीनंच विषय काढला," टिंकू म्हणाला. "म्हणे पोरीचा काही पत्ता लागते का पाहा, तू तं मोबाइलवाला हाय. मी म्हणलो, लागेल. मारायले चाललो असं नाही म्हणले ते. समजावून आणू म्हणले."

"बिसरामच्या बोटायचं तुले माहीत हाय."

"ते नंदलालमामाचं हाय, माझं नाही."

दुसऱ्या कोणी मारलं असतं. कैलाशचा हात उठला नाही. भाव येईपर्यंत धान दाबून ठेवावा तशी या पोराने त्याची बहीण दोन वर्षं दाबून ठेवली होती, आणि त्या दोन वर्षांत त्याच्या शेजारी बसून चार सणांना जेवला होता. त्याला टिंकूच्या नव्हे, स्वतःच्या तोंडात मारावीशी वाटत होती. त्याने स्वतःच एका चेहरा नसलेल्या दुकानाच्या हातात दोन्ही टोकं दिली होती, पाठवणारा कोण आणि घेणारा कोण. आणि वर दोन टक्के मोजले होते.

"चहा सांगू का?" टिंकूने पुन्हा विचारलं.

संध्याकाळी सातच्या सुमारास केशोरावांचा फोन वाजला. कैलाश समोरच बसला होता. केशोराव फक्त ऐकत होते. मग त्यांनी फोन खाटेवर ठेवला.

"शटर बंद हाय म्हणते नंदलाल. घर उघडं. चुलीवर भात तसाच. शेजारी म्हणले दोन वाजताच गेले." ते कैलाशकडे बघत म्हणाले, "तूच सांगितलास."

"हाव."

"टिंकूले गाळा देऊन बसलो मी," केशोराव म्हणाले. "कागदही झाला." त्यांनी धोतराला लागलेली कोंड्याची धूळ झटकली आणि ते उठून आत गेले. लेक सापडली नाही याचं की गाळा फुकट गेला याचं, नेमकं कशाचं त्यांना जास्त लागलं, ते कैलाशला त्यांच्या पाठीवरून कळलं नाही.

तिचा फोन तिसऱ्या दिवशी सकाळी आला, नव्या नंबरवरून. मागे बसस्टँडवर असते तशी गर्दी ऐकू येत होती.

"आमी बरे हाय," दुर्गेश्वरी म्हणाली. "कुठं, ते विचारू नको."

"नाही विचारत. दुर्गे, ते टिंकूनं केलं. तो मिक्सर त्याचाच होता. मी तुले सगळं सांगतो."

"पण त्याले दिलं कोणं?"

कैलाशने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी तुले एकट्याले सांगितलं होतं, दादा. तू यंत्राले सांगितलास. यंत्र म्हणजे माणूसच असते ना कोणतरी?" तिचा आवाज रागाचा नव्हता, तेच त्याला सोसत नव्हतं. "यांची हत्यारं तिथंच राहिली. सगळ्या पटाशा. डाव्या हाताले घडवून घेतलेल्या."

"पैसे पाठवतो. सांग कसे पाठवू."

"नको पाठवू. ते पान काढून टाकलं, ते थैलीही आता उघडणार नाही. अन् हा नंबर बस लागली की फेकून देणार हाय." मागे एक बस हॉर्न देत गेली. "मायले सांग, बरी हाय म्हणून. तू वाईट नाहीस, दादा. पण तुले आता माहीत नसावं."

नंतर तो नंबर लागला नाही.

पुढच्या श्रावणात राखीच्या दिवशी कैलाश माडीवर बसला होता. खाली आत्या आली होती. टिंकू नव्हता, त्याच्या नव्या दुकानाचा धंदा सणाला जोरात असतो. कैलाशच्या मनगटावर आत्याच्या लेकीची एक राखी होती. त्याने फोन काढला आणि ती उघडी वही उघडली. बिसरामचा जुना पत्ता त्याला आता पाठ झाला होता. भाऊबीजेचे एकशे एक तिथेच पडलेले होते, त्याने पाठवले त्या दिवशीचे, त्या वेळेचे. त्यांना कोणी हात लावला नव्हता.

जिन्यावर पावलं वाजली. सुशिलाबाई वर आल्या आणि त्याच्या शेजारी टेकल्या. गेल्या कार्तिकापासून त्या त्याच्याशी जेवणाखाण्यापलीकडे बोलल्या नव्हत्या.

"का पाहून राहिला?"

त्याने फोन त्यांच्यापुढे धरला. आकडा कोणता, तो कुठे आहे, ते समजावून सांगितलं. सुशिलाबाईंनी चष्मा वर करून तो आकडा बराच वेळ पाहिला.

"हे टिंकूलेही दिसते?"

"हाव. कोणालेही दिसते."

"तिनं हे काढलं तं?"

"तं तेही दिसेल. कुठं गेलं, तिथून पुढे कुठं गेलं."

"अन् नाही काढलं?"

"तं असंच राहते. कायमचं."

खालून आत्याने हाक मारली, ताट तयार होतं. सुशिलाबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. जिन्याच्या तोंडाशी जाऊन त्या थांबल्या.

"राहू दे मंग तसंच," त्या म्हणाल्या. "नको काढू दे तिले."